बटण दाबायचं राहिलं

ऑर्व्हिल गेल्याचं सांगून डॉक्टर बाहेर पडले. आता नर्स मॉरीननं संगणकाच्या पडद्यावरचं ‘मृत’ बटण दाबायचं राहिलं होतं. दाबलं, की इस्पितळाची यंत्रणा त्याच क्षणी सगळ्यांना पिटाळणार: प्रेत न्यायला माणसं, पलंग धुवायला बाई, पाठोपाठ नवा रुग्ण. “पोरगा रेजायनाहून निघालाय गं, तेवढा पोचू दे,” ऑर्व्हिलची बायको बर्निस म्हणाली. मॉरीननं बोट मागे घेतलं. म्हातारी नवऱ्याचा गार हात चोळत बसली. तेवढ्यात स्वयंपाकघराची गाडी दारात आली. यंत्रणेच्या लेखी ऑर्व्हिल जिवंत होता आणि जेवायची वेळ झालेली. वाफाळतं बार्लीचं सूप, झाकणावर त्याचं नाव. मॉरीन ट्रे परत न्यायला धावली. बर्निसनं तो घट्ट धरला. “बघ, तुमचे डॉक्टर चुकले! मेलेल्या माणसाला कुणी जेवण धाडतं का?” बर्निस चमच्यावर फुंकर घालत होती.