माईकवरची टिचकी

"गोळीचा आवाज अलीकडे ओढ गं," बाबा मागच्या खुर्चीतून म्हणाले. "आधी गोळी, मग कॅमेरा वळतो. त्यात एवढं काय डोकं लढवायचं?"

"ओढते हो. जरा दम धरा."

संकलनाच्या खोलीत लेक सकाळपासून पडद्याला डोळे लावून बसली होती. न बोलावता बाबाही येऊन ठाण मांडून बसले होते. संध्याकाळी माहितीपट वाहिनीवर जायचा होता. विषय एका पुढाऱ्याच्या खुनाचा, आणि माहितीपटाचा जीव म्हणजे बाबांनी तरुणपणी टिपलेलं चित्रण. भर सभेत गोळी सुटते, आणि पापणी लवते न लवते तोच कॅमेरा तिसऱ्या रांगेतल्या मारेकऱ्यावर! त्या एका वळणावर बाबांचं अख्खं नाव उभं होतं.

आणि आता कुणी एक टीकाकार पेपरात लिहून मोकळा झाला होता, की हे चित्रण बनावट आहे, मागाहून जुळवलेलं. मेल्याला लाज कशी वाटली नाही! लेकीच्या अंगाचा तिळपापड झाला होता. आजवर सगळ्यांनी गोळीपासूनचाच तुकडा पाहिलेला. बाकीचं रीळ जळालं, असं बाबा सांगत आले होते. तिला ते वाहिनीच्या तळघरात सापडलं, आवाजाच्या वेगळ्या टेपसकट. घ्या म्हणावं, आता बघा डोळे फाडून!

पण मेळ बसेना. कॅमेरा वळून जातो आणि गोळी मागाहून वाजते.

"आमचा आवाजवाला कायम तर्र," बाबा हसले. "टेप कधी सुरू केली ते त्यालाच ठाऊक नसायचं. अंदाजाने बसव आणि चल जेवायला."

"अंदाजाने? त्या टीकाकाराच्या हाती आयतं कोलीत देऊ?"

बाबांनी कप खाली ठेवला, तो बशीवर खडखडला. किती थकलेत हे, तिला वाटलं. यांच्या डोळ्यांदेखत हा डाग पुसायलाच हवा.

आणि मग तिला दिसलं. भाषणाआधी पुढाऱ्याने माईकवर टिचकी मारली होती. चित्रात बोट, टेपवर टक्. ती दोन्ही एकावर एक बसवली की पुढचं सगळं आपोआप जागेवर येणार.

"बाबा, सापडलं! आता कुणाची टाप आहे बोलायची!"

"राहू दे ना, बाळा." बाबा खुर्चीतून अर्धवट उठले. "माझं ऐक."

तिने बटण दाबलंसुद्धा. टक्. बोट बरोबर. पुढारी बोलू लागला, ओठ आणि शब्द तंतोतंत. ती खुशीत मागे वळली. बाबा पडद्याकडे बघत नव्हते.

पुढाऱ्याचं वाक्य अर्धवट असतानाच कॅमेऱ्याने त्याला सोडलं. तो तिसऱ्या रांगेवर आला, एका चेहऱ्यावर थांबला, धूसर चेहरा स्पष्ट करून घेतला. भाषण चालूच होतं. त्या माणसाने थेट कॅमेऱ्यात पाहिलं आणि वाट बघितली.

कॅमेरा हळूच खाली झुकला, पुन्हा वर आला, मान डोलावल्यासारखा.

मग गोळी सुटली.