रोज एक तास मागे

नवरा स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाचे काटे मागे फिरवत होता, आणि वर शीळ घालत होता.

म्हणजे घड्याळ बिघडलंच नव्हतं. बायको दारातच थबकली. आठवडाभर ते घड्याळ रोज आणखी एका तासाने मागे पडत होतं. तिने सेल बदलला, दुरुस्तीला नेलं, वेळ नीट लावून पाहिली. सकाळी पुन्हा आपलं तेच. तिच्या शिवणाच्या दुकानाबाहेर गिऱ्हाइकं ताटकळली ती वेगळीच.

"अहो, हे काय चाललंय?"

"वेळ लावतोय."

"सकाळचे आठ वाजून गेलेत!"

"तुझे गेले असतील," तो म्हणाला आणि आरामात खाली उतरला.

हल्ली त्याचं खाण्यापिण्याचंही तंत्र सुटलं होतं. नाश्ता दुपारी मागायचा, जेवणाचं ताट दिवेलागणीपर्यंत झाकून ठेवायला लावायचा. डोक्यावर परिणाम झाला की काय माणसाच्या?

जन्मभर त्याने जहाजाचं सुकाणू धरलं होतं. गल्ली त्याला कप्तान म्हणायची, आणि तो कप्तान कधीच नव्हता हे सांगायची तसदी त्याने घेतली नव्हती. लेक त्याच्याच वळणावर गेली. आता ती दूर पश्चिमेच्या एका बंदरात पायलट होती. बाहेरून आलेल्या जहाजावर चढायचं आणि त्याला धक्क्यापर्यंत सुखरूप आणायचं, हे तिचं काम. या रविवारी पाठीशी कुणी वरिष्ठ नसताना ती पहिल्यांदाच एकटीने मोठं जहाज आत आणणार होती. आईबाबांनी धक्क्यावर उभं राहून बघावं, एवढाच तिचा हट्ट. विमानाची तिकिटंही तिने पाठवली होती.

कप्तान मात्र फुगून बसला होता. स्वतःचं बंदर सोडून पोरगी परक्या बंदराची झाली, हे त्याला भारी लागलं होतं.

"ते काय बंदर आहे?" तो फोनवर तिला डिवचायचा. "भोंगा नाही, आरडाओरडा नाही. तुमची क्रेनसुद्धा माफ करा म्हणून पेटी उचलते!"

"इथे जहाज ठरल्या वेळेला आत येतं, बाबा. तुमच्याकडे बाहेर खोळंबून राहतं."

"खोळंबत नाही, गप्पा मारतं. आणि विमानाने येणं म्हणजे काय येणं? माणूस पोचतो, पोट मागेच राहतं. मी नाही यायचा!"

बायकोचा जीव मात्र लेकीकडे लागला होता. पोरीचा एवढा मोठा दिवस, आणि आपण नाही? एकटीने जायचंही तिने ठरवलं होतं. पण असं भ्रमिष्टासारखं वागणाऱ्या माणसाला मागे कुणाच्या भरवशावर सोडणार?

दुपारी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्याकडे नुकती सकाळ झाली होती. आईने मन घट्ट केलं.

"बाळा, आम्ही नाही गं येत. दोघंही नाही. बाबांचं काही ठीक दिसत नाही. रोज उठून घड्याळ एक तास मागे करतात. जेवणाखाणाचीही शुद्ध नाही त्यांना." तिला हुंदका आवरेना.

लेक म्हणाली, "आई, जरा बाजूला हो. मागचं घड्याळ दिसू दे."

आई बाजूला सरली.

"अगं आई, माझ्याकडे आत्ता जवळजवळ एवढेच वाजलेत!" लेक हसायला लागली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. "जहाज पश्चिमेला निघालं ना, की जहाजावरचं घड्याळ असंच थोडंथोडं मागे घेतात. बंदर येईपर्यंत माणसाचं पोट, झोप, सगळं तिथल्या वेळेला लागतं. बाबांनी जन्मभर हेच केलंय."

आईने मान वळवली. कप्तान दारात बसून बुटांना पॉलिश करत होता. त्याने वरसुद्धा पाहिलं नाही.

"बघत काय बसलीस?" तो म्हणाला. "बंदर आलं, आणि तुझी अजून बॅग भरून झाली नाही!"