खोक्यातला टर्बो

दोन वर्षं केतकीचा गाडीच्या इंजिनाचा जोर वाढवणारा नवाकोरा टर्बो खोक्यातच होता. खंडेनवमीला आई त्यालाही हळदकुंकू लावायची आणि दादा हसायचा. "पूजेसाठी घेतलास होय गं?"

"त्याचा जोर पेलणारा क्लच, हवा गार ठेवणारा इंटरकूलर आधी येऊ दे," ती म्हणायची. दादाने तसलाच टर्बो जुना क्लच न बदलता आपल्या गाडीला केव्हाच बसवून टाकला होता.

यंदा तिच्या गाडीला सगळं एकदम बसलं, आणि खंडेनवमीलाच घाटातली शर्यत आली. अर्ध्या चढावर दादाची गाडी जळक्या क्लचचा वास सोडत कडेला उभी होती. केतकीची शेवटच्या वळणावरही दमली नाही. पहिला नंबर तिचा.

आई करंडा घेऊन आली. "टर्बो तर आत बसला, आता त्याला कुंकू कुठून लावू?"

दादाने केतकीच्या गाडीचं दार उघडलं. "आधी क्लचच्या पेडलला लाव, आई."