ओरडेल त्याला

मुलुंडच्या मिठागरात ह्यांच्या पायात गंजका खिळा घुसला आणि धनुर्वात झाला. इस्पितळात आणलं तोवर जबडा घट्ट बसला होता, दातांतून चमचासुद्धा आत जाईना. जरा कुठे आवाज झाला की सगळं अंग धनुष्यासारखं वाकायचं.

शेजारच्या खाटेवरच्याचा पाय सडला होता. तो दिवसभर बोंबलायचा. तो बोंबलला की ह्यांची पाठ गादीवरून उठायची, आणि सिस्टर दुखणं मारायची मॉर्फियाची सुई घेऊन त्याच्याकडे जायची.

मी म्हटलं, "सिस्टरबाई, एक सुई ह्यांनाही द्या की."

"मॉर्फिया थोडाच येतो. जो ओरडेल त्याला आधी. गोऱ्या साहेबाच्या वेळेपासून हीच रीत आहे."

"तोंड उघडत नाही त्यांचं. ओरडतील कुठून?"

"दुखलं की माणूस ओरडतोच," म्हणाली, आणि पुढच्या खाटेकडे गेली.

मग ह्यांच्या वाटचं ओरडायला मीच उरले. उशाशी ओरडले असते तर ह्यांचंच अंग वाकलं असतं, म्हणून पार जिन्याखाली गेले. ह्यांच्या दातांआड अडकलेलं सगळं तिथे ओरडून काढलं.

सिस्टर धावत आली, सोबत दोन आया. हातात भरलेली सुई होती. म्हटलं, पोचलं एकदाचं गाऱ्हाणं.

आयांनी माझे दोन्ही हात धरले, आणि सुई माझ्याच दंडात गेली.