कपाळावरची खूण

यरुशलेमच्या वेशीवर म्हातारा संदेष्टा अज्रीकाम सांगत होता, "मला दर्शन झालं. देवाच्या न्यायाच्या आदल्या दिवशी देवदूत दौत घेऊन घरोघर फिरत होता, माणसांच्या कपाळावर खूण करत..." तेवढ्यात त्याला ठसका लागला आणि तो पाणी प्यायला विहिरीकडे गेला.

खूण असेल तोच वाचणार, हे हदलय तेल्याने लगेच ताडलं. आयुष्यभर मापात पाप केलेलं, देवदूत आपलं दार टाळणार हे नक्की. तो घरी पळाला आणि दिव्याची काजळी कपाळाला फासून आला. बघतो तर सगळा बाजार काजळी लावून उभा.

"सांगा बाबा पुढं," हदलय म्हणाला, "आमची तयारी झाली."

अज्रीकामने एकेकाकडे निवांत पाहिलं.

"खूण पाप्यांना करत होता रे. चेहरे तेवढे दिसले नव्हते मला."