हिरव्या पतंगाचं बारसं

फाल्गुन लागला की प्रतापनगरचे श्रीकृष्णराव दर रविवारी स्कूटर काढत आणि जवळच्या पादरा गावच्या शेतांतून फुलपाखरं बघत हिंडत. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून बायको मंदा घरीच असायची, पण बारशाचा मान तिचाच. नवऱ्यानं एसटीडी बूथवरून रंगरूप सांगायचं आणि तिनं फोनवरच नाव द्यायचं. सोनेरी काठाची, ती पैठणी. एका जागी टिकेना, ती जाऊबाई. आज कण्हेरीच्या पानांत हिरवा मखमली पतंग झोपलेला दिसला. असला उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी स्कूटर दामटली, बूथ गाठला, घरचा नंबर फिरवला. पलीकडे घंटा वाजू लागली, तेव्हा कुठे आठवलं, सकाळी कुलूप आपणच लावलंय. मंदा गेल्यापासून रोज आपणच लावतो. “काका, घरे कोई नथी लागतुं,” घरी कुणी नाही वाटतं, असं बूथवाला गुजरातीत म्हणाला. “मला खबर आहे, भाई,” ते म्हणाले. “जरा वाजू दे. आमचं एक बारसं राहिलंय.”