समुद्राकडची दोरी

बेटावरच्या नव्या हॉटेलचा मॅनेजर मावशींच्या अंगणात येऊन उभा राहिला. "मावशी, पाहुणे लांबून समुद्र बघायला येतात आणि त्यांना तुमचे परकर दिसतात. दोरी घरामागे बांधा."

"समुद्र काय माझ्या परकराएवढा आहे, झाकला जायला?" मावशींनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावरच्या एकूण एक घराने समुद्राकडे दोरी बांधली. चादरी, पायजमे, पोरांची झबली, सगळं वाऱ्यावर फडफडायला लागलं. मॅनेजर तणतणत आला. "कुणाचं डोकं फिरलंय? काढा आधी हे!"

शेवटच्या दोरीवर हॉटेलचं नाव छापलेला पांढरा शर्ट होता. त्याला चिमटा लावत मॅनेजरची आई म्हणाली, "उद्या कामावर हाच घालायचाय ना तुला? मग वाळू दे."